क्लस्टर डोकेदुखी: तुमचे अनुभव इथे लिहा

या दुखण्याचं नाव कळायला मला ४ वर्षं लागली. तोवर सायनस समजून वाफारे घेतले, एक धडधाकट दाढ काढून घेतली. रात्री १ च्या सुमारास जाग यायची ती उजव्या डोळ्यामागे गिरमिट फिरवल्यासारख्या कळेने. डोळा लाल, घळाघळा पाणी, त्याच बाजूची नाकपुडी बंद, पापणी उतरलेली. पाऊण तासाने सगळं थांबायचं आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तीच वेळ. असं ६-७ आठवडे, मग वर्षभर काही नाही.

न्यूरोलॉजिस्टनी विचारलं, "दुखताना पडून राहता की फिरता?" अर्धशिशीत माणूस अंधारात निपचित पडतो. मी हॉलमध्ये येरझारा घालायचो, भिंतीवर डोकं आपटायचो. तिथेच त्यांना अंदाज आला. दुसरं काही नाही ना, म्हणून एमआरआय झाला.

ज्यांना किंवा ज्यांच्या घरात हे आहे, त्यांनी लिहावं. औषध मात्र डॉक्टरांना विचारूनच.

कोल्हापूरहून

त्रास माझ्या यजमानांना आहे. कोविडच्या वेळचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घरात होतं, ते लावून पाहिलं. मिनिटाला ५ लिटर, काही फरक नाही. डॉक्टर म्हणाले, शुद्ध ऑक्सिजन हवा, मिनिटाला १२ ते १५ लिटर, पिशवी असलेल्या मास्कमधून. भाड्याने सिलिंडर आणला. कळ सुरू होताच ताठ बसून मास्क लावला, तर १५-२० मिनिटांत उतरते. उशीर केला की तितका गुण येत नाही. आता सिलिंडर पलंगाशेजारीच असतो. देवघर त्याच खोलीत होतं, आणि ऑक्सिजनजवळ ज्योत नको, म्हणून समई स्वयंपाकघरात हलवली. ह्यांनी बिडीही सोडली.

पुण्याहून

फेरा, म्हणजे रोज कळ येण्याचे आठवडे, चालू असताना अर्धा ग्लास बिअरही पुरते, तासाभरात कळ. एरवी तीच बिअर बाधत नाही.

नागपूरहून

"बायकांना हे होत नाही," असं मला तोंडावर सांगितलं गेलं. पुरुषांत प्रमाण जास्त, पण आम्हालाही होतं. दोन वर्षं मायग्रेनच्या गोळ्या खाल्ल्या. आता फेरा सुरू झाला की व्हेरापामिल (कळा येऊ नयेत म्हणून रोज घ्यायचं औषध), आणि त्याचा असर होईपर्यंत काही दिवस स्टिरॉइड. व्हेरापामिलचा डोस वाढवताना ईसीजी काढतात, कारण ते हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं. बद्धकोष्ठ होतो, तो सोसते. ऑफिसात "डोकं तर सगळ्यांचंच दुखतं" ऐकून मी रडले आहे.

नाशिकहून

बाबांना सुमाट्रिप्टानच्या इंजेक्शनाने १० मिनिटांत आराम पडायचा. अँजिओप्लास्टीनंतर ते बंद केलं, कारण त्याने रक्तवाहिन्या आकसतात. आता फक्त ऑक्सिजन.

सांगलीहून

वय २६. वरचं सगळं माझंच वाटतंय, फक्त माझी बाजू डावी. आजवर पॅरासिटामॉल घेत होतो, गोळी लागू पडेपर्यंत कळ आपोआप गेलेली असते. सोमवारची वेळ घेतली आहे. काय घेऊन जाऊ?

धागा सुरू करणारा

कळ कधी आली, किती मिनिटं टिकली, कुठली बाजू, दिवसातून कितीदा, हे कॅलेंडरवर लिहून न्या. दुखत असताना घरच्यांना चेहऱ्याचा व्हिडिओ काढायला सांगा, डोळा आणि पापणी दिसेल असा. डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा बहुधा काहीच दुखत नसेल.