जिओकॅशिंग: शेवटी फोन खिशात टाकावाच लागते
जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवून ठेवलेली डबी जीपीएसवर शोधायचा खेळ. कोणी विचारलं ना, की याच्यासाठी ऑफिसची टीम नेली तर फोन थेट डबीपर्यंत नेते का, तर नाही भाऊ, अमेरिकेनं मे 2000 मध्ये जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढली अन् लगेच हा खेळ सुरू झाला खरा, पण पाच-दहा मीटरचा फरक अजूनही पडतेच, नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या झाडीत तर फोनवरचा दिशा दाखवणारा बाण नुसता फिरून राहते. आमचे साहेब स्क्रीनलाच चिकटून होते अन् अकाउंट्सवाल्या मॅडमनं मुळाजवळचे दोन दगड उचलून डबी काढली बी! आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची, डबी होती तिथंच ठेवायची. पेन घरून न्या, छोट्या डबीत नसते. अन् टीमचा हा खेळ मे महिन्यात नका ठेवू बापा, नागपूरचं ऊन आहे ते.