मदत हवी आहे: दुसऱ्यांचा कोड तपासणाऱ्या स्वयंसेवकाचा गौरव कसा करावा?

नमस्कार मंडळी. आम्ही काही जण सेजमॅथमध्ये जमेल तशी भर घालतो. विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये सुरू केलेलं हे गणिताचं मुक्त सॉफ्टवेअर गॅप, पारी, मॅक्सिमा अशा गणिती प्रणाली एकत्र आणतं.

आमच्यातल्या एक ताई त्यासाठी वर्षानुवर्षं विनामोबदला राबताहेत. नवीन कोड त्या फारसा लिहीत नाहीत, इतरांचा तपासतात, आणि तेही कागद-पेन घेऊन. उदाहरणार्थ, १/क्ष² चं −१ ते १ इंटिग्रल. डोळे झाकून सीमा घातल्या की उत्तर −२ येतं. पण फल सगळीकडे धन, मग उत्तर ऋण कसं? खरं तर शून्यापाशी ते इंटिग्रल अपसारी आहे, म्हणजे त्याला सान्त किंमतच नाही. अशा जागा त्या हेरतात, दुरुस्ती झाली की तिथे चाचणी जोडायला लावतात. मग तीच चूक पुन्हा शिरत नाही.

हे काम गिटच्या (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या प्रणालीच्या) आकडेवारीत जवळपास दिसतच नाही. तपासनीस म्हणून नाव येतं, पण ती यादी वाचतं कोण? मोठे सन्मान बहुधा संस्थापकांना मिळतात. संगणकीय बीजगणिताच्या सॉफ्टवेअरसाठी दिला जाणारा २०१३ चा जेंक्स पुरस्कार स्टाइन यांना मिळाला, आणि तो योग्यच होता.

तुमच्या प्रकल्पात अशा माणसांसाठी काय केलंत? रोख रक्कम दिली तर बाकीचे स्वयंसेवक दुखावतात का? मला ताईंच्या कामाचं नेमकं वर्णन करणारं, नोकरीत दाखवता येईल असं पत्र जास्त उपयोगी वाटतं. असं पत्र कुणी लिहिलं असेल तर त्यात काय काय घातलंत, कृपया सांगा.