विषय: चार वर्षांची लेक ब्रश करू देत नाही

नमस्कार मंडळी,
सुट्टीत सोलापूरला सासरी आलोय. तिकडे कसाबसा ब्रश व्हायचा, इथे तोही बंद पडलाय. ब्रश दिसला की लेक ओठ घट्ट मिटते. त्यात संक्रांत आणि गड्ड्याची जत्रा, दिवसभर हलवा नि तिळाच्या वड्या चालू. सासूबाई म्हणतात, "दुधाचेच दात, पडणारच आहेत." कुणी काही सुचवाल का?

---

ताई,
मी लहान मुलांची डेंटिस्ट, माहेर सोलापूरचंच. सासूबाईंना एवढं जरूर सांगा, पुढचे दात सहा-सातव्या वर्षी पडतात, पण दुधाच्या दाढा 10-12 वर्षांपर्यंत राहतात. त्या किडल्या तर ठणकतात, आणि लवकर काढाव्या लागल्या तर खालून येणाऱ्या दातांना जागा उरत नाही.

सकाळी घाईत थोडं कमी-जास्त झालं तर होऊ दे, रात्रीचा ब्रश मात्र सोडू नका. झोपेत लाळ कमी सुटते आणि दाढांच्या खाचेत बसलेला तीळगूळ तसाच राहतो.

समोरून ब्रश घालू नका. चादर अंथरून मांडी घालून बसा, तिचं डोकं मांडीवर घ्या. वरचा ओठ उचललात की मधोमध हिरडीला जोडलेली एक बारीक पट्टी दिसेल. तिला ब्रश लागला की मुलं कळवळतात. तिच्यावर आपलं बोट आडवं ठेवा आणि मग दात घासा. निम्मी मुलांची रड तिथलीच असते, असं मला वाटतं.

पेस्ट फ्लोराइडची, वाटाण्याएवढी. पुदिन्याची असेल आणि "तिखट लागते" म्हणत असेल तर दुसऱ्या चवीची घ्या. थुंकू दे, पण नंतर खळखळून चूळ नको. "ब्रश करायचा का?" असं विचारूच नका; "आधी वरचे की खालचे?" विचारा. तिला स्वतः घासायचं तर घासू दे, पण त्यावर तुमचा हात फिरलाच पाहिजे, सात-आठ वर्षांची होईपर्यंत.

आणि घरात कुणी मिश्री लावत असेल तर डबी वर ठेवा. तो भाजलेला तंबाखू आहे, मुलं बघून बोट घालतात.

---

ताई, काल रात्री मांडीवर घेऊन केलं. रडली, पण कमी. सासूबाईंनी टॉर्च धरला होता. खालच्या दाढेवर तपकिरी डाग दिसतोय. तिकडे परतल्यावर दाखवू का?

---

नको, थांबू नका. याच आठवड्यात सोलापुरातच दाखवा.