पासवर्ड रिसेट केला तरी युनिव्हर्सिटीचं अकाउंट परत परत लॉक होतंय

शेवटचं_सेमिस्टर:
मंडळी जरा अर्जंट आहे. युनिव्हर्सिटीच्या अकाउंटचा पासवर्ड एक्सपायर झाला म्हणून रिसेट केला, लॅपटॉपवर मेल उघडला, सगळं नीट चाललं होतं आणि थोड्या वेळाने अकाउंट लॉक. वाट बघितली, उघडलं, परत लॉक. पासवर्ड एकेक अक्षर बघून टाकतेय. मेल, असाइनमेंट पोर्टल, लायब्ररी, वायफाय सगळ्याला एकच लॉगिन, त्यामुळे सगळंच अडकलंय आणि प्रोजेक्ट सबमिट करायची तारीख तोंडावर आलीये. कोणी हॅक करतंय का? शिवाय रिकव्हरीला जुना मोबाईल नंबर आहे, तो बंद झालाय.

हेल्पडेस्कवरचा:
बहुतेक वेळा हॅकिंग नसतं, तुमचाच फोन असतो. त्यात वायफायचा जुना पासवर्ड सेव्ह आहे, कॅम्पसमध्ये शिरलात की तो खिशातल्या खिशात त्याच पासवर्डने कनेक्ट व्हायला बघतो, नाही जमलं की परत बघतो, सर्व्हरला वाटतं कोणीतरी अंदाजाने पासवर्ड टाकतंय आणि तो अकाउंट बंद करतो. एजुरोम (एकाच लॉगिनवर वेगवेगळ्या युनिव्हर्सिटींत चालणारं वायफाय) असेल तर दुसऱ्या युनिव्हर्सिटीत गेलात तरी हेच होणार, कारण पासवर्ड तपासायला तुमच्याच युनिव्हर्सिटीच्या सर्व्हरकडे येतो. तर आधी सगळ्या डिव्हाइसवर ते नेटवर्क फरगेट करा, मेल अ‍ॅपमधून अकाउंट काढा, मग लॉक सुटेपर्यंत थांबा आणि एकाच ठिकाणी लॉगिन करून बघा. वायफाय परत जोडताना सर्टिफिकेटचं सेटिंग (नेटवर्क खरंच युनिव्हर्सिटीचं आहे ना हे त्यावरून तपासलं जातं) युनिव्हर्सिटीने दिलंय तेच घ्या, समोर येईल त्याला ओके करू नका.
नंबरसाठी आयडी कार्ड घेऊन स्वतः जा. जुना पासवर्ड सांगा म्हणून आमच्याकडे खूप जण येतात, पण सर्व्हरवर फक्त हॅश असतो, म्हणजे पासवर्डपासून बनवलेला, उलटा न वाचता येणारा कोड, त्यामुळे पासवर्ड आम्हालाही दिसत नाही. आणि तुमचा पासवर्ड विचारणारा माणूस हेल्पडेस्कचा नसतो हे पक्कं लक्षात ठेवा.

पीएचडी_चालू:
वरच्यांशी सहमत. फक्त रिकव्हरीला मैत्रिणीचा नंबर देऊ नकोस, घाईत बरेच जण देतात आणि नंतर ओटीपीसाठी तिच्या मागे फिरावं लागतं. ऑथेंटिकेटर (लॉगिनचा कोड देणारं फोनवरचं अ‍ॅप) वापरत असशील तर बॅकअप कोड कागदावर लिहून ठेव, फोन बदलला की तेच कामाला येतात.
आणि हा एक्सपायरीचा नियमच मला पटत नाही. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेने २०१७ सालीच सांगितलंय की ठराविक दिवसांनी उगाच पासवर्ड बदलायला लावू नका, लीक झाल्याचा पुरावा असेल तेव्हाच लावा. सक्ती केली की लोक जुन्याच पासवर्डचा शेवटचा आकडा वाढवतात, त्यात सुरक्षा कसली? स्टुडंट कौन्सिलने हे लावून धरायला हवं.

शेवटचं_सेमिस्टर:
सापडलं!! फोन नाही, घरी पडलेला जुना टॅब होता, मेल अ‍ॅप चालूच. अकाउंट काढलं त्यातून, तेव्हापासून लॉक नाही. खूप खूप आभार दादा. उद्या आयडी घेऊन नंबर बदलायला जाते, तिथे अजून काही कागद लागतो का?

हेल्पडेस्कवरचा:
आयडी चालू वर्षाचं असेल तर शक्यतो तेवढ्यात होतं. नवीन नंबरचा फोन मात्र सोबत न्या, ओटीपी तिथेच येईल.