नुसता मोबाइल काढून काय होणार?

ताई, तुम्ही लिहिलंय, तुमचा मुलगा अकरावीत, रात्री दोनपर्यंत जागा, खिशात तंबाखूची पुडी सापडली, वडिलांशी बोलणं बंद. आणि त्यावर बहुतेकांचा सल्ला एकच, मोबाइल काढून घ्या. मला नाही पटत.

झोपेचं आधी. या वयात मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं संप्रेरक, उशिरा स्रवतं, त्यामुळे दहाला झोप न येणं हा निव्वळ माज नव्हे. गरज मात्र ८ ते १० तासांची. आमच्या सांगलीच्या विश्रामबागेत पहाटे क्लासला डोळे चोळत निघालेली पोरं बघा! जमलं तर बॅच बदला. रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावायचे, पण सगळ्यांचे. बाबांचासुद्धा.

तंबाखूचं अवघड आहे. आपल्या सांगली-साताऱ्याकडे आजी मिश्री लावते, काका जेवण झालं की तंबाखू मळतात, आणि पोराच्या मात्र कानाखाली. १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी पुडी मिळते कुठून, हे न ओरडता विचारा. निकोटिन सुटताना चिडचिड, बेचैनी होतेच. तिला उद्धटपणा समजू नका.

वडिलांनी मार्कांचा विषय सोडून बोलावं. समोर बसवून तर नकोच. गाडीवरून मिरजेला जाताना पोरं जास्त बोलतात (हा आपला माझा अनुभव). पण झोप-भूक उडाली, मित्रही नकोसे झाले किंवा मरणाची भाषा आली तर थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.