जाग आली, पण अंग हलेना: उपयोगी पडेल ते लिहा

डोळे उघडे, पंख्याचा आवाज ऐकू येतोय, पण बोटसुद्धा हलत नाही. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. याला निद्रा-पक्षाघात म्हणतात. भीती किती वाटते ते आपण सगळेच जाणतो. इथे असं लिहा, जे आज रात्रीच कुणाच्या तरी कामी येईल.

•

छातीपासूनच सुरुवात करते, कारण माणूस खरा हादरतो तो तिथे. स्वप्नं प्रामुख्याने पडतात त्या रेम झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडतो, नाहीतर स्वप्नातली पळापळ आपण पलंगावर केली असती. डोळे हलवणारे स्नायू आणि श्वासपटल तेवढे चालू असतात. बरगड्यांमधले स्नायू मात्र सैल पडलेले. म्हणून आपसूक चाललेला श्वास चालूच राहतो, पण मुद्दाम खोल घ्यायला गेलात की छाती फुगत नाही. तेच ते ओझं. हवा पुरेशी मिळत असते, हे मनात पक्कं ठेवा. जाग आधी आली, स्नायूंचं कुलूप मागाहून उघडतं. काही सेकंदांत, फार तर दोन-चार मिनिटांत. तोवर स्वप्नाचा उरलेला तुकडा खोलीतच दिसत राहतो: दारात उभी सावली, पावलांचा आवाज.

•

हे कळलं की उठून बसायची धडपड थांबवता येते. धडपडीने भीती वाढते, हात काही हलत नाही. खोल श्वास ओढू नका. श्वास जसा चाललाय तसा चालू द्या आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक श्वासाला एक आकडा मोजा. डोळे डावी-उजवीकडे फिरवा. मग सगळं लक्ष एका अंगठ्यावर, किंवा जिभेच्या टोकावर. एवढीशी हालचाल जमली की बहुतेकदा बाकीचं अंग मोकळं होतं. शेजारी झोपणाऱ्याला आधीच सांगून ठेवा: घशातून हुंकार आला किंवा डोळे उघडे दिसले की नावाने हाक मारायची, खांद्याला हात लावायचा.

सुटका झाल्यावर लगेच कूस बदलून झोपू नका. इथेच बरेच जण चुकतात. दिवा लावा, पाच मिनिटं बसा, पाणी प्या. नाहीतर परत त्याच रेम झोपेत घसरता आणि दुसरा झटका येतो.

•

कारण शोधायचं तर आधी घड्याळ बघा. रेमचा टप्पा पहाटेकडे लांबत जातो, म्हणून पहाटेचे झटके जास्त. रात्रपाळी, परीक्षेची जागरणं, लांबचा विमानप्रवास यांनी झोपेची लय मोडते. उताणं झोपल्यावर हे जास्त होतं. कुशीवर झोपा, पाठीमागे लोड लावा. उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच. दुपारची डुलकी 20 मिनिटांवर नको. दारूने सुरुवातीची रेम झोप दबते आणि उत्तररात्री उसळून येते. नैराश्याच्या काही गोळ्या अचानक बंद केल्या तरी तसंच होतं. त्या डॉक्टरांना विचारूनच कमी करायच्या.

•

एक कळकळीने सांगायचंय. असे झटके येणाऱ्या सुनेला किंवा मुलीला भगताकडे नेऊ नका. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं.

•

सगळंच निद्रा-पक्षाघात नसतं. एकच बाजू लुळी, तोंड वाकडं, जीभ जड: 108ला फोन, लगेच. सकाळी उठल्यावर पाय उचलत नाहीत, बोलणं ठीक आहे, पण अशक्तपणा तासन्‌तास टिकतोय, आणि आदल्या रात्री भरपेट भात-गोडधोड किंवा दिवसभर अंगमेहनत झालेली? तेव्हा रक्तातलं पोटॅशियम घसरलेलं असू शकतं. दवाखाना गाठा; ते अशक्तपणा असतानाच तपासायचं, सोबत ईसीजी आणि थायरॉइड.

आणि दिवसा बसल्या-बसल्या झोप लागत असेल, मोठ्याने हसल्यावर गुडघे लटपटत असतील, तर नार्कोलेप्सीची, म्हणजे दिवसा झोप अनावर होण्याच्या आजाराची, शंका घ्या. रात्रभराची झोप-तपासणी, दुसऱ्या दिवशी दोन-दोन तासांच्या अंतराने चार-पाच डुलक्यांची चाचणी. डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची वही न्या: झोपलो किती वाजता, उठलो किती वाजता, झटका कधी, उताणे की कुशीवर, संध्याकाळचा चहा किती.