मदत हवी आहे: पन्हाळा ते चंदगड, पाणंदीच्या वाटेने एटीव्हीवर

नमस्कार मंडळी,

भुदरगड तालुक्यात आमची शेती आहे. फवारणीचा पंप न्यायला आणि बांधापर्यंत खताची पोती पोचवायला चुलत्यांनी एटीव्ही (जाड टायरची, हँडलवाली छोटी चारचाकी) घेतली. आरसीवर नोंद कृषी ट्रॅक्टर अशीच आहे. नुसत्या हौसेच्या एटीव्हीचं आपल्याकडे पासिंग होत नाही, ती खासगी जागेतच फिरवायची, हे मला माहीत आहे. माझं विचारणं वाटेबद्दल आहे.

जानेवारीत पन्हाळ्याच्या पायथ्यापासून चंदगडपर्यंत जायचं ठरवतोय, शक्य तितका हमरस्ता टाळून. नकाशा उघडला की अडचण लगेच दिसते. आपल्या नद्या सह्याद्रीतून निघून पूर्वेकडे जातात आणि घाटाकडे जाणारे मोठे रस्तेही बरेचसे त्यांच्याच खोऱ्यातून जातात. मला उत्तरेकडून दक्षिणेला उतरायचं आहे, म्हणजे प्रत्येक नदी आडवी. कासारी, कुंभी, धामणी, तुळशी, भोगावती, मग दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा आणि शेवटी ताम्रपर्णी. दोन नद्यांच्या मध्ये डोंगराची सोंड, ती वेगळीच.

जुन्या बैलगाडीच्या वाटा या सोंडांवरूनच जायच्या. त्यातल्या किती अजून चालू आहेत हे बघायची माझी मनापासून इच्छा आहे. कुठे पाणंद (शेतांमधली गाडीवाट) दोन्हीकडून नांगरून अरुंद झाली, कुठे झुडपं माजली. पाणंद बंद पडली की आतल्या शेतकऱ्याचा ऊस तोडून बांधावरच वाळतो, हे आमच्या भावकीतच बघितलंय. जाता जाता प्रत्येक वाट फोनवर नोंदवून ठेवणार आहे, म्हणजे कुणाच्या तरी कामाला येईल.

आता शंका.

नदी ओलांडायला कोल्हापूर पद्धतीचे बंधारे हाच मार्ग दिसतो. पावसाळ्यानंतर बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की मागे पाणी तुंबतं, पण वरचा स्लॅब मोकळा असतो आणि मोटरसायकली बिनधास्त जातात. आमच्या गाडीची रुंदी साधारण चार फूट आहे. बऱ्याच बंधाऱ्यांवर चारचाकी जाऊ नये म्हणून तोंडालाच खांब रोवलेत. कळे ते राधानगरी या पट्ट्यात कुठल्या बंधाऱ्यावरून चार फुटी गाडी जाईल, हे रोज ये-जा करणाऱ्यांनी सांगावं.

दुसरं टायरचं. हवा फार कमी, पाच-सात पीएसआयच. मातीत आणि जांभ्याच्या सड्यावर (उघड्या खडकाळ माळावर) गाडी छान धरते, पण डांबरावर रबर भराभर झिजतं, स्टिअरिंगही जड होतं. मधले डांबरी तुकडे येणारच. तेवढ्यापुरती हवा वाढवावी, की गाडी पिकअपमध्ये घालून तो तुकडा ओलांडावा?

आणि सीव्हीटीचा, म्हणजे पुली-पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरचा बेल्ट. चढावर सावकाश आणि ओझं घेऊन चालवलं की तापतो. गारगोटीच्या पुढे तो मिळेल असं वाटत नाही, म्हणून एक जादा जवळ ठेवतोय. वाटेत बदलायला नेमकी कुठली हत्यारं लागतात?

राधानगरी अभयारण्यात गाडी घालणार नाही, बाहेरच्या गावांतूनच जाणार. मेहुणे मोटरसायकलवर मागे असतील.

प्रतिसाद

दादा, मी कागलकडचा, ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करतो. बेल्टचं आधी सांगतो. कव्हरचे बोल्ट बसतील तो टी-पाना आणि पुली उघडायची गाडीसोबत आलेली पट्टी किंवा बोल्ट, एवढं पुरतं. घरी अंगणात एकदा स्वतः बदलून बघा, मगच निघा. तुटलेल्या बेल्टचे धागे पुलीत अडकतात, ते सगळे काढल्याशिवाय नवा घालू नका. चढाला लो गिअरच टाका. निम्मे बेल्ट हाय गिअरमध्ये हळू चढवल्यानं जळतात.

रेडिएटरची जाळी रोज संध्याकाळी धुवा. उसाच्या पाचटीचा भुसा आणि लाल माती मिळून तिथं लेप बसतो, गाडी तापते आणि माणूस बेल्टला दोष देत बसतो.

टायरला हवा कंपनीनं दिलेल्या मर्यादेपर्यंतच वाढवा. टायर गोल फुगला की सड्यावर गाडी उड्या मारते आणि पलटायची भीती वाढते. मेहुण्यांना मागं बसवू नका. मागचं वजन वाढलं की चढाला पुढची चाकं उचलतात. शिवाय नोंद ट्रॅक्टरची आहे, बसलेल्या माणसाचा विमा त्यात धरत नाहीत. विम्याच्या कागदावर शेतीकाम एवढंच लिहिलंय का तेही बघा आणि कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

जानेवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पाणंदीत समोर आला तर मागं तुम्हालाच यावं लागेल, त्याला रिव्हर्स जमत नाही. अंधार पडायच्या आत गावात पोचा. राधानगरी-भुदरगडला गवे संध्याकाळी शेतात उतरतात, आजरा-चंदगडला हत्तीचीही ये-जा असते. गावात शिरलात की आधी विचारायचं, मग पुढं जायचं.

धागाकर्ता

लाख मोलाचं सांगितलंत दादा. विम्याचं आजच विचारतो. मेहुणे मोटरसायकलवरच राहतील, सामानही त्यांच्याकडेच देतो. बंधाऱ्यांचं अजून अडलंय. धामणी आणि तुळशी खोऱ्यातलं कुणी इथे असेल तर गावाचं नाव आणि खांबांमधलं अंतर, एवढं जरी टाकलंत तरी वाट पक्की करता येईल.